मदत हवी आहे: आजीची बुगडी घालायचीय, बुजलेलं भोक पुन्हा टोचू का?

पांढरा_रस्सा:
नमस्कार मंडळी. जरा लांबण लावते, कारण अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट मिळतात.

आजीची मोत्यांची बुगडी माझ्या वाट्याला आली. कानाच्या पाळ्या लहानपणीच टोचलेल्या, पण वरच्या कडेला भोक नव्हतं. आई म्हणत होती, गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात जा, सोनाराकडून टोचून घे. मला त्या तारेची धास्ती. म्हणून मागच्या दिवाळीआधी घराजवळच्या एका पार्लरमध्ये गेले. गनने टक् करून खडा बसवला, दोन मिनिटांत बाहेर. सोबत सल्ला: रोज खडा गोल फिरवायचा आणि स्पिरिट लावायचं. मी इमानेइतबारे दोन्ही केलं.

तिसऱ्या आठवड्यात गाडीवर जाताना बांधलेला स्कार्फ सोडताना खडा अडकला आणि कान खस्सकन ओढला गेला. दोन दिवसांत वरचा कान टोमॅटोसारखा लाल, गरम, उशी लागली तरी कळ. घाबरून खडा काढून टाकला. मग डॉक्टर, गोळ्या. बरं झालं, पण भोक बुजलं आणि मागच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ राहिली. दुखत नाही, कधीतरी खाजते.

आता तुळशीच्या लग्नानंतर मावसबहिणीचं लग्न आहे. हातात पाच महिने आहेत. त्याच जागी पुन्हा टोचू की बाजूला? आणि आजीच्या बुगडीची दांडी चांगलीच जाड आहे, ती थेट घालता येईल का?

गुजरीची_काकू:
अगं पोरी, सोनारानेच कान टोचावेत हे आमच्या लोकांनी उगाच नाही म्हटलं! पण खरं सांगू, आता सोनाराकडं गेलीस तरी सुई नवी, पाकीटबंद आहे का हे आधी विचार. आमच्या वेळी एकाच तारेनं सगळी आळी टोचून निघायची, कोण विचारतंय. दांडीचं म्हणशील तर ती बारीक करून मिळते. मोत्यांना हात न लावता मागची दांडी आणि फिरकी नवीन करून देतात. तेवढं आधी करून घे.

भिकबाळीवाला:
ताई, माझ्या उजव्या कानाला भिकबाळी आहे. पूर्ण बरं व्हायला दहा महिने गेले. चौथ्या महिन्यात वाटलं झालं, मित्रांबरोबर पंचगंगेला पोहायला गेलो आणि पुन्हा सूज. पाच महिन्यांच्या हिशोबात पडू नका.

मिरजेची_त्वचाडॉक्टर:
न बघता निदान करत नाही, पण काही गोष्टी सांगते.

पाळी मऊ मांसाची असते, सहा-आठ आठवड्यांत भरते. वरच्या कडेत कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड असतं. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, वरच्या पातळ आवरणातून पोषण मिळतं. त्यामुळे तिथं 6 ते 12 महिने लागतात. कोल्हापूरकरांना पैलवानांचे चुरगळलेले कान ठाऊक आहेत. मार लागून आवरणाखाली रक्त साठतं, कूर्चेचं पोषण तुटतं, कान आक्रसतो. पू साठला तरी तेच होतं. म्हणून वरचा कान लाल, सुजलेला आणि पाळी मात्र नेहमीसारखी, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि खडा आपल्या मनाने काढायचा नाही. भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो.

गन कूर्चेवर नकोच. तिचा खडा बोथट असतो, तो स्प्रिंगच्या जोराने घुसवला जातो. प्लॅस्टिकचा सांगाडा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात घालता येत नाही. मागची पकड घट्ट, सुजेला जागाच उरत नाही.

आता गाठ. जखमेपुरतीच राहिली आणि हळूहळू बसत गेली तर तो साधा वाढलेला व्रण. जखमेच्या हद्दीबाहेर पसरत गेली, खाजत राहिली, तर केलॉइडची शंका. दंडावरची बीसीजी लसीची खूण फुगलेली आहे का बघा, घरात कुणाला केलॉइड आहे का विचारा. केलॉइड असेल तर आधी त्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्यायची. नुसतं कापून काढलं तर बऱ्याचदा परत येतं, कधी आधीपेक्षा मोठं. अशा कानाला पुन्हा टोचू नका असंच मी सांगीन. साधा व्रण असेल तर तो मऊ आणि सपाट होऊ द्या, मग शेजारच्या निरोगी जागी टोचा. व्रणातून नाही.

पहिला दागिना बुगडी नकोच. इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमचा, मागे चपटी चकती असलेला, थोडा लांब खडा घाला. सूज उतरली की आखूड करायचा. खोट्या दागिन्यांतलं निकेल बऱ्याच जणींना सोसत नाही. धुवायला मेडिकलमधलं 0.9 टक्के सलाइन दिवसातून दोनदा, बाटली रोज नवी. हळद-तेल, डेटॉल, स्पिरिट, पेरॉक्साइड काही नाही. फिरवायचंही नाही. फिकट पिवळसर खपली धरते ती पू नव्हे, उचकटू नका.

आणि तो स्कार्फ. माझ्या ओपीडीतले निम्मे कान स्कार्फ आणि हेल्मेटनेच आणलेत.

पांढरा_रस्सा:
सगळ्यांचे आभार. आत्ताच बाही वर करून आरशात बघितलं. माझी बीसीजीची खूण सपाट आहे, पण आईची चांगलीच फुगलेली निघाली. आई म्हणते तिला कधी खाजलं नाही, पण तिच्या पोटावरचा टाक्यांचा व्रणही दोरीसारखा जाड आहे. म्हणून आधी गाठ दाखवून घेते, बुधवारी सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीला जातेय. लग्नाला महाद्वार रोडवरची प्रेसची, बिनभोकाची बुगडी चालवून घेईन. काकू, दांडीचं काम टोचायचं ठरलं तरच करते, नाहीतर उगाच आजीची फिरकी बदलल्यासारखं होईल. तोवर ती कापसात गुंडाळून डबीत.