कार्बन फायबरवर नॅनोट्यूब वाढतात, पण फायबरच कच्चं पडतं

खानापूर_रोड: टी-७०० कार्बन फायबरचं सायझिंग (वरचा संरक्षक लेप) काढून ०.०५ मोलर फेरिक नायट्रेटच्या द्रावणात (आयसोप्रोपिल अल्कोहोल) १० मिनिटं बुडवलं, म्हणजे लोखंडाचा उत्प्रेरक बसावा. ट्यूब फर्नेसमध्ये आर्गॉन, मग हायड्रोजन, मग ७५० अंशांवर १५ मिनिटं अ‍ॅसिटिलीन (ट्यूबना कार्बन यातून मिळतो). एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) ट्यूब दाट दिसतात. पण सुटा तंतू ओढला तर डेटाशीटच्या ४.९ गिगापास्कलच्या निम्मंसुद्धा मिळेना. अ‍ॅसिटिलीन बेळगावच्या उद्यमबागेतलं, वेल्डिंगचंच आहे. कुठं अडतंय?

मच्छे_कंपोझिट: आधी तुलना नीट करा. ४.९ हा रेझिन भरलेल्या टोचा (तंतूंच्या जुडग्याचा) आकडा, सुट्या तंतूला तो लावायचा नसतो. त्याच रिळातलं सायझिंग काढलेलं फायबर २५ मिमी गेजवर (पकडींमधल्या लांबीवर) ओढा, त्याच्याशी ताडा. शिवाय दोन नमुने घ्या: एक उत्प्रेरकाशिवाय त्याच तापमानातून काढलेला, दुसरा उत्प्रेरक लावून पण अ‍ॅसिटिलीन न सोडता. पहिल्यातच ताकद गेली तर आर्गॉनमधला ऑक्सिजन किंवा गळका जोड शोधा; तो नसेल तर ताण न देता ५५० च्या वर तापवल्यानंच फायबर कमजोर झालंय. फक्त दुसऱ्यात गेली तर लोखंड. इतक्या तापमानाला लोखंडाचे कण फायबरचाच कार्बन विरघळवून खड्डे पाडतात, आणि ठिसूळ तंतू सगळ्यात वाईट खड्ड्यापाशी तुटतो. तंतू थोडे घेऊन सरासरी काढू नका. निदान तीसेक ओढा आणि वायबुल (ठिसूळ वस्तूंच्या ताकदीचा विखार दाखवणारं गणित) मांडा.

गॅसवाले_काका: वेल्डिंगच्या सिलिंडरात अ‍ॅसिटिलीन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं. सिलिंडर रिकामा होत आला की अ‍ॅसिटोनची वाफ जास्त येते, म्हणून एकाच सेटिंगवर वाढ कधी दाट, कधी विरळ. मध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा ट्रॅप बसवा. तांब्याची नळी तेवढी लावू नका, स्फोटक अ‍ॅसिटिलाइड बनतं. फेरिक नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाटली सिलिका जेलमध्येच ठेवा, नाहीतर वजन करून घेतलेलं ०.०५ हे ०.०५ राहत नाही.

मच्छे_कंपोझिट: काकांचं बरोबर, पण त्यानं एकसारखेपणा येईल, ताकद नाही. त्यासाठी दोन वाटा. एक, फायबर आणि लोखंड यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा) पातळ थर. दुसरी, तापमान उतरवणं: अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटानं २०१३ मध्ये अ‍ॅसिटिलीनबरोबर कार्बन डायऑक्साइड सोडून ४८० अंशांच्या आसपास वाढ दाखवली. माझा कल दुसरीकडे. अ‍ॅल्युमिना फायबरला नीट धरला नाही तर ट्यूबसकट सोलून निघतो. मग रेझिनशी पकड वाढवायला घातलेला खर्च वायाच.

खानापूर_रोड: ७५० सोडून थेट ४८० वर जाऊ का?

मच्छे_कंपोझिट: जा की. पण तिथंही अ‍ॅसिटिलीनशिवायचा नमुना काढाच, आणि पकडीसाठी सिंगल फायबर फ्रॅगमेंटेशन चाचणी (रेझिनमध्ये बसवलेला एक तंतू ओढून त्याचे किती तुकडे होतात ते बघणं) वेगळी करा. ताकद टिकली म्हणजे पकड वाढली असं नाही.