अण्णांचा खो-खो राहिलाच की

आपले अण्णा गेले म्हणून वर सगळ्यांनी त्यांच्या आठवणी लिहिल्यात, मोंढ्यातलं म्हणजे धान्याच्या बाजारातलं, आडत म्हणजे शेतमालाची दलाली कशी वाढवली, शेतकऱ्याला विकल्या मालाच्या हिशोबाची पट्टी कशी वेळेवर द्यायचे, ते बरोबरच हाय, पण गड्याचा खो-खो कुणीच काढंना. लातूरच्या मोंढ्यात पांढऱ्या धोतरात गादीवर बसलेला हा माणूस तरणा असताना खांबाजवळ असा सूर मारायचा की बचाव करणारा पोरगा हात लागल्यावरच वळून बघायचा. आता मॅटवर खेळतेत, तवा मुरमाड मैदान, कोपरं सोललेली ती सोललेलीच, त्या खुणा शेवटपर्यंत हातावर होत्या, शर्टाची बाही वर केली की दिसायच्या.

किल्लारीचं कुणीतरी लिहिलंय वर, ते खरं हाय. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र सरून पहाटे भूकंप झाला आन् अण्णांनी हमाल गोळा करून डाळीची पोती टेम्पोत घातली. हिशोब ठेवला नाही, नंतर बोलले पण नाहीत.

आन् घरचं म्हणाल तर, तुरीचा ऐन सीझन, जानेवारीत मोंढा भरून वाहायलाय, आन् हे मुनिमाच्या हातात वही देऊन धाराशिवला, का तर लेकीची मॅच. भाऊबंद लई बोलले, धंदा सोडून पोरीमागं फिरायलाय म्हणून. मला तर वाटतं त्यांचा खरा धंदा तोच होता, आडत आपली पोटापुरती. काकू हसून म्हणायच्या, मॅच हरली तर लेक गप, ह्यांनाच जेवण जात नाही.