तातडीची मदत हवी: विमानाच्या इंजिनाच्या रिंगा कुठे मिळतील?

केळीबागवाला: मंडळी, जुन्या विमान इंजिनाच्या पिस्टन रिंगा हव्यात. चार सिलिंडर. जळगाव एमआयडीसी झाली, धुळं झालं, भुसावळचे भंगारवाले झाले. सगळे नुसते हसतात. पोळ्याच्या आत चालू करून दाखवायचंय, काकांशी पैज लागलीये.

आबा_पाचोरा: कोणतं इंजिन? कंपनी? फोटो?

केळीबागवाला: विमानाचं म्हटलं ना. हवेवर थंड होणारं. फोटो चढत नाहीये.

तापीकाठचा: रोटरी असणार. त्यात क्रँक, म्हणजे पिस्टन जोडलेला मधला दांडा, विमानाला पक्का आणि सिलिंडरच गरगर फिरतात. एरंडेल घाला, पळेल.

आबा_पाचोरा: तापीकाठचे, रोटरीला सिलिंडर ७ नाहीतर ९, विषम, एक सोडून एक पेटायला. इथे ४ आहेत. आणि एरंडेल का घालायचे? रोटरीत पेट्रोल क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकच्या पेटीतूनच जातं, त्यात एरंडेल सहसा विरघळत नाही म्हणून. कुठलंही इंजिन दिसलं की ओतायचं नसतं.

तापीकाठचा: पुस्तकी ज्ञान तुम्हालाच लखलाभ. मी २० वर्षं विहिरीवर ऑइल इंजिन चालवलंय.

केळीबागवाला: भांडू नका भो. चारही एका रांगेत आहेत. हेड, म्हणजे सिलिंडरची झाकणं, खालच्या बाजूला आहेत, हे राहिलंच सांगायचं.

आबा_पाचोरा: अहो, हेच आधी सांगायचं! उलटं इंजिन आहे. क्रँक वर, सिलिंडर खाली. त्यानं पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि वैमानिकाला समोरचं दिसतं. टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाचं जिप्सी मेजर असेल, नाहीतर एचएएलच्या एचटी-२ या शिकाऊ विमानाचं सिरस मेजर. एक हेड काढून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजा. जिप्सी ११८ मिमी, सिरस १२०. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोघांचा १४०, त्याच्या नादी लागू नका. तोवर पंख्याला हात लावायचा नाही! उभ्या-उभ्या तेल झिरपून खालच्या हेडात साचतं. तेल काही दबत नाही, मग पंखा फिरवला की पिस्टनचा रॉड वाकतो. आधी प्लग काढून निथळू द्या.

गोवेकर_भुसावळ: विचित्र इंजिनच बघायचं तर गोवा एक्स्प्रेस धरा, वास्कोला उतरा. बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभं आहे. त्याच्या एकेका इंजिनाला १८ सिलिंडर आणि धुरावर फिरणाऱ्या तीन टर्बाइन, त्यांची ताकद परत क्रँकलाच जोडलेली. बघून डोकं फिरतं.

केळीबागवाला: मी रिंगा विचारल्या, सहल नाही.

वांगी_बामणोद: अवांतर: काका पैज हरले तर भरीत पार्टी नक्की ना? वांगी माझ्याकडून.

आबा_पाचोरा: जिप्सी निघालं तर इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या टायगर मॉथवाल्यांना विचारा, तिथे ती अजून उडतात. युद्धकाळात जनरल मोटर्स-होल्डननं ऑस्ट्रेलियातच हे इंजिन बनवलं होतं. सिरस निघालं तर मात्र अवघड. पोळा विसराच.

केळीबागवाला: मोजलं. ११९ ला जरा कमी.

आबा_पाचोरा: कशानं मोजलं?

केळीबागवाला: पट्टीनं.

आबा_पाचोरा: देवा! व्हर्निअर आणा कुणाचं तरी. आणि इंजिनावरची प्लेट वाचा, नंबर असतो.

केळीबागवाला: प्लेट काकांनी मागेच काढून गोठ्याच्या दाराला ठोकलीये. आता वाचू देत नाहीत. म्हणतात, पैज आहे ना.