सल्ला हवाय : कारखान्याच्या हिशोबाची फाइल पायथननं वाचायची-लिहायची, नीट पद्धत कोणती?

ताणाबाणा

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा चादरीचा कारखाना आहे, १६ माग, कांडीवाल्या (मागासाठी सूत कांडीवर भरणाऱ्या) बायका धरून २८ माणसं. रोजचे नग काका वहीत लिहितात, ते मी रात्री टेक्स्ट फाइलीत टाकतो, एका ओळीत नाव, माग नंबर, नग, उचल (आगाऊ घेतलेले पैसे), मधे कॉमा. शनिवारी माझी पायथनची स्क्रिप्ट ती फाइल वाचते, पगार काढते आणि त्याच फाइलीत परत सगळं लिहून खाली बेरीज टाकते. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पायथन क्लासला शिकलो पण फाइलींवर तिथं एकच तास झाला.

गेल्या शनिवारी स्क्रिप्ट मधेच एरर देऊन थांबली आणि फाइल उघडून बघतो तर रिकामी, शून्य बाइट. ५ दिवसांचे नग गेले. वही होती म्हणून निभावलं, रात्री ११ पर्यंत बसून परत टाइप केलं पण पगार रविवारी सकाळी झाला, शनिवारचा बाजार न करताच माणसं घरी गेली, ते मला लै लागलं.

दुसरं, माझ्या लॅपटॉपवर उबंटू आहे तिथं नावं मराठीत बरोबर दिसतात, तीच फाइल काकांच्या विंडोजवर एक्सेलात उघडली की नावांच्या जागी विचित्रच अक्षरं येतात. स्क्रिप्ट तिथं चालवली तर वाचतानाच एरर. आता टेक्स्टच ठेवू, का सीएसव्ही (कॉमावाली, एक्सेलात कॉलम पडून उघडणारी फाइल), का सरळ डेटाबेस? आणि शिकायचं कुठून तेही सांगा.

सातरस्ता

भावा, फाइल एररनं रिकामी झाली नाही, एररच्या आधीच झाली होती. ओपन करताना मोड डब्ल्यू दिलास ना, त्या मोडमधे फाइल उघडली त्याच क्षणी आतलं सगळं पुसलं जातं, तू एक अक्षर लिहायच्या आधी. मग तू हिशोब करायला गेलास, तिथं कुठंतरी अडकलं, लिहायचं राहूनच गेलं. एरर काय होती? माझा अंदाज, कुणाची तरी उचल रिकामी सोडली असणार आणि मजकुराचा आकडा करणाऱ्या इंट फंक्शनला रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) गेली, मग व्हॅल्यूएरर येणारच.

तर पहिली गोष्ट, मूळ फाइलीत स्क्रिप्टनं कधी लिहायचंच नाही. रोजच्या नगांची फाइल फक्त आर मोडमधे उघडायची, पगाराची फाइल वेगळी, नावात तारीख घालून. रोजची नवी ओळ जोडायची तर ए मोड, तो शेवटी चिकटवतो, आधीचं राहतं. आणि पगाराची फाइल एक्स मोडमधे उघड, त्या नावाची फाइल आधीपासून असली तर पायथन सरळ नकार देतं, चुकून दोनदा स्क्रिप्ट चालली तरी पहिला हिशोब शाबूत.

कधी एखादी फाइल बदलावीच लागली तर आधी शेजारी तात्पुरत्या नावानं पूर्ण लिहून काढ, बंद कर, आणि मग ओएस मॉड्यूलचं रिप्लेस वापरून जुन्याच्या जागी ठेव. मधेच लाइट गेली तरी जुनी फाइल तरी हातात राहते. दोन्ही फाइली एकाच ड्राइव्हवर पाहिजेत हं, आणि विंडोजवर काकांनी ती फाइल एक्सेलात उघडी ठेवली असेल तर परमिशनची एरर येईल, तेव्हा घाबरू नको, एक्सेल बंद करून परत चालव.

फाइल उघडायची ती विथ लावूनच. मधे एरर आली तरी विथ फाइल बंद करून देतं, अर्धवट राहिलेलं डिस्कवर जातं. क्लोज लिहायला आपण विसरतोच.

बाराबंदी

मराठीचं मी सांगते, कारण यात मी स्वतः दोन आठवडे घालवलेत. फाइलीत अक्षरं नसतात, बाइट असतात. कुठल्या अक्षराचे कुठले बाइट हे ठरवणाऱ्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात, यूटीएफ-८ ही त्यातलीच एक. यूटीएफ-८ मधे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्रा-उकार-हलंत हे पण वेगवेगळे धरून. उबंटूवर पायथन न सांगता यूटीएफ-८ च धरतं. विंडोजवर आपल्याकडं बहुतेक मशीनला न सांगता सीपी-१२५२ नावाचं जुनं कोष्टक धरलं जातं, त्यात देवनागरी नाहीच.

आता गंमत नाही, त्रास बघ. "रमेश" हे नाव त्या कोष्टकातून वाचलं तर एरर येत नाही, चुपचाप कचरा अक्षरं येतात. पण "सुनील" मधला ऱ्हस्व उकार किंवा "लक्ष्मी" मधला हलंत आला की त्यातला शेवटचा बाइट त्या कोष्टकात कुठल्याच अक्षराला दिलेला नाही, म्हणून तिथं पायथन डीकोडची एरर देऊन थांबतं. त्यामुळं काही फाइली चालतात, काही नाही, आणि माणूस वेडा होतो. उपाय एवढाच, प्रत्येक ओपनमधे एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वतः लिहायचं. वाचताना पण, लिहिताना पण. पायथन ३.१५ पासून सगळीकडं यूटीएफ-८ च धरायचं ठरलंय, पण काकांच्या मशीनवर कुठलं व्हर्जन असेल कुणास ठाऊक, तू लिहीतच जा.

एक्सेलचं वेगळं. डबल क्लिकनं सीएसव्ही उघडली की फाइलीच्या सुरुवातीला ३ बाइटांची खूण नसेल तर एक्सेल तिला यूटीएफ-८ समजत नाही. म्हणून एक्सेलसाठी जी फाइल काढशील तिथं एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दे, ती खूण आपोआप पडते. परत वाचतानाही सिगच दे, नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला न दिसणारं एक अक्षर चिकटून येतं आणि "नाव" नावाचा कॉलम सापडत नाही म्हणून तू डोकं धरून बसशील.

सातरस्ता

ताई, हे फार नीट सांगितलंत, हलंताचं मला पण माहीत नव्हतं.

ताणाबाणा, ओळ कॉमावर स्प्लिट करू नको, म्हणजे कॉमा दिसला की तोडू नको, सीएसव्ही मॉड्यूल वापर, पायथनसोबतच येतं. उद्या कुणी शेऱ्यात कॉमा टाकला की स्प्लिटवाली स्क्रिप्ट उचलीच्या जागी शेरा वाचेल. आणि लिहिताना ओपनमधे न्यूलाइन रिकामी स्ट्रिंग दे, नाहीतर विंडोजवर एक ओळ सोडून एक ओळ कोरी येते.

पाचवा_पिरियड

मी म्हणतो सीएसव्हीच्या नादी लागूच नको, सरळ एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घे. पायथनमधे ते आधीपासून आहे, काही इन्स्टॉल करायचं नाही, सगळा डेटा एकाच फाइलीत, आणि व्यवहार अर्धवट राहिला तर तो धरलाच जात नाही. पैशाचा हिशोब आहे भाऊ, टेक्स्ट फाइलीवर किती दिवस काढणार.

बाराबंदी

बरोबर आहे तुमचं, पण काका एसक्यूलाइटची फाइल उघडून बघू शकतील का? ती नोटपॅडमधे वाचता येत नाही. पोरगं परीक्षेला बसलं की शनिवारी पगार कोण काढणार? सीएसव्ही काकांना एक्सेलात दिसते, कामगारानं विचारलं "माझे मंगळवारचे नग किती धरले" तर तिथल्या तिथं दाखवता येतात. मला ते महत्त्वाचं वाटतं. २८ माणसं, ६ दिवस, म्हणजे आठवड्याला १६८ ओळी, सीएसव्हीला हे काहीच नाही. दोन वर्षांचा हिशोब एकत्र शोधायची वेळ आली की मग एसक्यूलाइटवर जा.

आणि मूळ वही बंद करू नका.

पाचवा_पिरियड

काकांनी बघायचं असेल तर सीएसव्ही ठीक, मान्य. पण मग रोज रात्री फाइलीची एक कॉपी पेन ड्राइव्हवर, हे तरी कर.

शिकायला पायथनच्या स्वतःच्या ट्युटोरियलचा ७ वा धडा वाच, इनपुट-आउटपुटचा. इंग्रजी सोपं आहे आणि तासाभरात होतो. व्हिडिओच्या मागं लागण्याआधी तेवढा धडा हातानं टाइप करत कर.

ताणाबाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. एरर तीच होती ओ, एका कांडीवाल्या मावशींची उचल कोरी होती. आता कोरी असली तर शून्य धरालोय आणि ओळ नंबरसकट स्क्रीनवर दाखवालोय म्हणजे काका वहीत बघून सांगतात.

काल शनिवारी नव्या पद्धतीनं चालवलं. दोन गोष्टी आल्या. माग नंबर आम्ही ३-१२ असा लिहितो, तिसरी लाइन बारावा माग, एक्सेलनं त्याची ३ डिसेंबर केली. आणि काकांनी काही नग मराठी आकड्यांत टाइप केले होते, मला वाटलं परत एरर येणार, पण पायथनच्या इंटनं "४८" चे बरोबर ४८ केले!

पण एक कोडं सुटेना. बोऱ्हाडे आडनावाचा एकच माणूस आहे आणि हिशोबात दोन बोऱ्हाडे आलेत, एकाचे ४ दिवस, एकाचे २. दोन्ही नावं डोळ्याला सारखीच दिसतात. शेवटची स्पेस स्ट्रिप करून बघितली, तरी दोनच.

बाराबंदी

सापडलं. हा अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत असा जातो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट वेगळे, त्यामुळं पायथनला ती दोन माणसं. दोन्ही नावांची लेंग्थ (किती चिन्हं आहेत ते) छापून बघ, एक जास्त येईल. काकांनी ४ दिवस त्यांच्या मशीनवर टाइप केलं आणि २ दिवस तू, असंच झालं असणार. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ इथं उपयोगाचं नाही, ते जोडचिन्हाला हात लावत नाही. रिप्लेसनं एक रूप दुसऱ्यात बदलता येईल, पण त्यापेक्षा प्रत्येक माणसाला एक नंबर दे. नगांच्या फाइलीत फक्त नंबर, नावं एका वेगळ्या छोट्या फाइलीत एकदाच. कऱ्हाडे, वऱ्हाडे, कुणीही आलं तरी चालेल.

माग नंबरात डॅशऐवजी अक्षर टाक, ३क१२ असं. एक्सेल त्याला हात लावणार नाही.

ताणाबाणा

लेंग्थ ८ आणि ९ आली ताई. ४ दिवस काकांचे, २ माझे, अगदी तसंच. बोऱ्हाडे मामांचे ६ दिवस धरून पगार परत काढला, कमी पडलेले पैसे आत्ता घरी देऊन आलो. नंबराची फाइल आज रात्री बनवतो.