पावसात आरसीसीबी सारखा पडतो, वायरमन म्हणतो काढून टाका – मदत हवी आहे

गुहागर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमचं चिऱ्याचं घर आहे. पुढे आम्ही राहतो, मागच्या पडवीला लागून दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत. पुढचं फिटिंग सासऱ्यांच्या वेळचं, लाकडी पट्टीवरचं. मागच्या खोल्यांचं चार वर्षांपूर्वीचं, पाइपातलं. तेव्हाच मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा खटका) बसवून घेतला होता.

मृगाचा पाऊस लागला आणि तो पडायला लागला. रात्रीतून दोन-तीनदा काळोख. नेहमीचा वायरमन आला, बघितलं न बघितलंसं केलं आणि म्हणाला, "वहिनी, कोकणच्या हवेत हे चालत नाही. काढून टाका, कटकट मिटेल." त्याने वायरी डायरेक्ट जोडून दिल्या. मी तेव्हाच अडवायला हवं होतं. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई मागच्या न्हाणीत हात धुवायला गेल्या आणि ओरडल्या, "नळाला मुंग्या येतायत गो!" गीझर चालू होता, पाइप लोखंडी, खाली फरशी ओली. पायात रबरी चपला होत्या म्हणून मुंग्यांवर निभावलं. मी धावत जाऊन मेन पाडला. त्याच दिवशी आरसीसीबी परत लावून घेतला, मागच्या खोल्यांचा गीझर बंद केला आणि येणाऱ्या पाहुण्यांना फोन करून नाही म्हटलं.

आता मी स्वतः काय करून पाहिलं ते सांगते. वायरींना हात लावलेला नाही, फक्त खटके वर-खाली केले. सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे खटके) खाली, आरसीसीबी वर: टिकतो. पुढच्या घराचे दिवे-पंखे: टिकतो. विहिरीवरचा पंप लावला की दहा सेकंदांत पडतो. म्हणून पंपावर संशय घेतला, त्याचा प्लग काढून ठेवला. मग पुढच्या खोलीत इस्त्री लावली, तर तिच्यावरही पडला! दोन्ही वेळा मागच्या खोल्यांचा एमसीबी खालीच होता. दोन दिवस कडक ऊन पडलं तेव्हा पंप, इस्त्री सगळं सुरळीत चाललं.

आर्थिंगबद्दल वायरमनचं म्हणणं, उत्तम आहे. त्याने खड्ड्यातली सळी आणि फेज यांच्यात शंभरचा बल्ब लावून दाखवला, लख्ख पेटला. पण मला आठवतं, खड्डा खणताना दोन फुटांवर कातळ लागला होता आणि सळी आडवी टाकली होती.

तर विचारायचं असं, की दोष नेमका कुठे शोधायचा? आणि कातळावर आर्थिंग करायचं कसं? गणपतीला मुंबईची मंडळी येणार, मुलं असणार. त्याआधी हे मला मार्गी लावायचंच आहे.

प्रतिसाद:

ताई, आरसीसीबी परत लावलात हे फार बरं केलंत. तो बिघडलेला नाही, तो तुमच्याशी बोलतोय.

फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढंच तो मोजतो. तुमच्या इस्त्रीच्या प्रयोगातच उत्तर आहे. घरातले एमसीबी बहुधा एकेरी आहेत, म्हणजे ते फक्त फेज तोडतात. मागच्या खोल्यांचा खटका पाडला तरी तिथली न्यूट्रल डीबीतल्या, म्हणजे खटक्यांच्या पेटीतल्या, पट्टीला जोडलेलीच राहते. ती कुठेतरी ओलीत आर्थला टेकली असेल, तर घरातल्या कुठल्याही वस्तूचा परतीचा करंट थोडा त्या वाटेने जमिनीत जातो. दिव्यांना ती गळती नगण्य, पंप-इस्त्रीला ती मर्यादा ओलांडते. उन्हात जागा सुकली की तक्रार नाहीशी.

मेन पाडून एकेका सर्किटची न्यूट्रल पट्टीवरून सोडवायची आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) आर्थशी तपासायची. एक मेगओहमच्या खाली आली तर तीच. हे काम लायसनवाल्या ठेकेदाराकडून करून घ्या. मेनची वरची बाजू मेन पाडला तरी जिवंत असते.

नळाच्या मुंग्या ही वेगळी भानगड वाटते. माणसाला साधारण एक मिलिअँपिअरपासून मुंग्या जाणवतात, आरसीसीबी त्याच्या बऱ्याच वर पडतो. गीझरच्या सॉकेटपर्यंत आर्थची वायर खरोखर पोचली आहे का, ते उघडून बघायला सांगा.

आणि तो बल्ब विसरा. शंभरचा बल्ब पेटलेला असताना साधारण ५३० ओहमचा असतो. आर्थिंग ५० ओहमचं असलं तरी त्याला २१० व्होल्ट मिळतात, लख्खच दिसणार. पण त्याच आर्थिंगवर फेज चिकटली तर करंट जाणार २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ चा एमसीबी हलणारसुद्धा नाही. सड्यावरच्या घराला आरसीसीबीशिवाय राखण नाही, ती अशी.

धागाकर्ती, नऊ दिवसांनी:

चिपळूणहून लायसनवाले ठेकेदार येऊन गेले. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. मागच्या खोल्यांची न्यूट्रल मेगरवर जवळजवळ शून्य दाखवत होती. मग वायरीचा माग काढत पडवीच्या वळचणीखाली पोचलो. तिथे एक प्लास्टिकचा डबा, झाकणाचा एक स्क्रू गायब. वाऱ्याची झड थेट त्यावर. उघडला तर मुंग्यांनी आत माती भरलेली, ती चिकट ओली. न्यूट्रलचा एक आणि आर्थचा एक, दोन्ही जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले, टेप सुटून लोंबत होती, तांबं हिरवंगार पडलेलं. खाऱ्या हवेत चार वर्षांत ही गत. ते जोडच काढून टाकले, सलग वायर ओढली. त्या रात्री धो धो पाऊस होता, मी मुद्दाम पंप आणि इस्त्री एकदम लावली. आरसीसीबी जागचा हलला नाही.

गीझरचं सॉकेट उघडलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. हिरवी वायर कापून भिंतीत मागे दडपलेली होती, आर्थच्या पिनेला काही जोडलेलंच नव्हतं. गीझरचं एलिमेंटही गळत होतं. सासूबाई ज्या नळाला हात लावत होत्या, त्यातल्या करंटला जमिनीत जायची दुसरी वाटच नव्हती. एलिमेंट बदललं, आर्थ जोडली, दोन्ही खोल्यांची सगळी सॉकेटं उघडून पाहिली. तुमचीही एकदा उघडून बघून घ्या, विशेषतः भाड्याच्या खोल्यांमधली.

आता उरलं आर्थिंग. न्हाणीचं पाणी ज्या अळवाच्या वाफ्यात सोडतो, तिथे माती खोल आहे आणि बारमाही ओल आहे. तिथे अडीच मीटरचा पाइप उभा उतरला. आर्थ टेस्टरवर ३८ ओहम आले. पण हे भर पावसातले. एप्रिल-मेमध्ये सडा तापल्यावर किती होतील, याचीच मला काळजी. ठेकेदार म्हणतात, अजून एक पाइप पहिल्यापासून निदान पाच मीटर लांब उतरवून दोन्ही जोडू. तेवढ्या अंतरावर आमच्याकडे पुन्हा कातळच आहे, बोअर मारावी लागेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यावर कोणी असं केलं असेल, तर उन्हाळ्यातलं रीडिंग किती आलं ते कृपया इथे लिहा.