मदत हवी आहे : पहिली-दुसरीचा वर्ग, घरची भाषा कोरकू, आणि 'क'मध्ये ठेवलेला वाघ

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीकडचा. गेल्या वर्षी मेळघाटात धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत रुजू झालो. द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, पट २३. त्यातली १७ मुलं घरी कोरकू बोलतात, बाकीची गवळी आणि गोंडांची. कोरकू ही संथालीच्या कुळातली, मराठीशी सुतराम नातं नाही. हे मला इथे आल्यावर कळलं, डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

परवाची गोष्ट. फरशीवर खडूने क, व, स, प असे चौकोन काढले. चित्र उचलायचं आणि नावातल्या पहिल्या अक्षराच्या चौकोनात ठेवायचं. पहिलीतली एक मुलगी जूनपासून तोंड उघडत नव्हती. माझ्या वहीत तिच्यापुढे 'मागे आहे' असा शेरा. तिने वाघ 'क'मध्ये ठेवला. मी उचलून 'व'मध्ये ठेवला. मग तिने कुत्रा 'स'मध्ये ठेवला. तोही मी हलवला. ती जी जागेवर जाऊन बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "सर, तिचं बरोबर आहे ना. आमच्यात वाघाला कुला म्हणतात, कुत्र्याला सिटा."

म्हणजे पहिला आवाज ओळखणं, जे मी शिकवत होतो, ते तिला पक्कं येत होतं. शेरा खोडला. पण आधीच्या वर्षी असे किती शेरे मारले असतील, देव जाणे.

आता प्रश्न. कोरकू उत्तर बरोबर धरलं तर चाचणीत काय, ती तर मराठीत असते? दुसरीतला एक मुलगा अक्षरं उलटी काढतो, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो. हा भाषेचा प्रश्न की अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण)? आणि दिवाळीनंतर आईबापाबरोबर कामाला जाऊन थेट होळीला परतणाऱ्या चौघांचं काय करू?

प्रतिसाद १
सर, मी चिखलदऱ्याकडे आठ वर्षं काढली. वहीत दोन रकाने करा : 'येतं का' आणि 'मराठीत सांगता येतं का'. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. वाचनाची सुरुवात कोरकू शब्द देवनागरीत लिहून करा. कुला, सिटा, डा (पाणी). ओळखीचा शब्द वाचता आला की मूल अक्षराला घाबरत नाही, मराठी शब्द मागाहून येतात. वरून कुणी विचारलंच तर शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई २००९) शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असंच लिहिलंय.

त्या मुलावर शिक्का मारू नका. या वयात उलटी अक्षरं बरीच मुलं काढतात. ओळी गाळतो म्हणताय, तर आधी डोळे तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना मुद्दाम दाखवा. मग गटसाधन केंद्रातल्या (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं केंद्र) समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, पण ती ठरवायची तज्ज्ञांनी.

प्रतिसाद २
पालकांना विचारलंत का? आमच्याकडे एक बाप म्हणाला, "कोरकू घरी येतेच, शाळेत मराठी शिकवा." त्याचंही चुकत नव्हतं. स्थलांतराचं म्हणाल तर आजी-आजोबांकडे मूल ठेवायला लावणं, एवढंच मला कधीमधी जमलं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. रकाने आखले. पालकांना विचारलं नव्हतं, येत्या बैठकीत विचारतो. ताईंच्या मदतीने चित्रकोश सुरू केलाय, तिथे नवीनच अडचण : एकच शब्द ताई एक सांगतात, चौथीतली पोरं दुसरा. लिहायचा कुठला?