मदत हवी आहे : घरच्या सर्व्हरवर कॉपी करताना स्पीड मधेच बसतो, नागपूरच्या उन्हामुळे होत असेल का?

नमस्कार मंडळी,

मी लग्नाचे व्हिडिओ शूट करतो, राहायला मानेवाड्याकडे, आणि सगळं फुटेज घरीच एका सर्व्हरवर ठेवतो. जुना डेस्कटॉप आहे, 8 जीबी रॅम, त्यावर डेबियन लिनक्स, 4 टीबीच्या चार डिस्क एमडीएडीएमने (लिनक्समधलं डिस्क एकत्र जोडायचं टूल) रेड 5 मध्ये, म्हणजे चारही मिळून एकच साठा (अ‍ॅरे), त्यातली एक गेली तरी डेटा राहतो, आणि वापरायला 12 टीबी. विंडोजच्या मशीनवरून सांबाने (नेटवर्कवर फाइल शेअर करायचं सॉफ्टवेअर) कॉपी करतो. इतके दिवस मस्त चाललं आणि आता ऐन लग्नसराईत त्रास देऊन राहिलं.

होतं काय, की कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायला घेतलं की सुरुवातीला 110 एमबी पर सेकंद, गिगाबिटवर याच्यावर फारसं मिळतच नाही त्यामुळे तिथपर्यंत काही तक्रार नाही. पण 50-60 जीबी गेले की स्पीड धाडकन खाली, 20, मग 8, मग काही सेकंद चक्क शून्य, पुन्हा थोडा उठतो, पुन्हा बसतो. दोन कॅमेरे आणि ड्रोन धरून एका लग्नाचं फुटेज सहज 300 जीबी होतं, रात्री रिसेप्शनवरून उशिरा यायचं, सकाळी दुसरीकडे हळद, आणि कार्ड अजून अडकलेलंच. सर्व्हरवर पूर्ण पोचल्याशिवाय मी कार्ड फॉरमॅट मारत नाही, कोणाच्या घरचं लग्न आहे ते, पुन्हा शूट करता येत नाही.

वाचायला काही प्रॉब्लेम नाही, जुनं फुटेज उघडलं तर पूर्ण स्पीडने येतं. फक्त लिहितानाच.

उन्हावर संशय यासाठी की पहाटे कॉपी लावली तर पहिले 50-60 जीबी झकास जातात, आणि दुपारी लावली, त्यातही सकाळी एकदा कॉपी झालेली असली, तर पाच मिनिटांतच बोंब. बाहेर पारा 45 च्या वर, सर्व्हरच्या खोलीत कूलर नाही कारण ती ओली हवा मशीनजवळ नको वाटते. दुपारी डिस्कचं टेम्परेचर 50-52 दाखवते, पहाटे 40 च्या आसपास.

आतापर्यंत पाहिलेलं सांगतो म्हणजे तेच तेच विचारायला नको. आयपर्फने (नेटवर्कचा स्पीड मोजायचं टूल) नेटवर्क 940 मेगाबिट येते, म्हणजे केबल खराब होऊन लिंक 100 वर पडली असं नाही, तसं असतं तर सुरुवातीपासूनच 11-12 एमबी मिळाले असते. स्मार्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीचा रिपोर्ट) चारही डिस्कचे रीअलोकेटेड, पेंडिंग, सीआरसी एरर सगळे शून्य. अ‍ॅरे निरोगी आहे, चारही यू (म्हणजे डिस्क चालू) दिसतात. राइट कॅश ऑन आहे. स्ट्राइप कॅश (रेडसाठी रॅममध्ये राखलेली जागा) 256 वरून 4096 केला, त्याने सुरुवात थोडी सुधारली पण बसायचं ते बसतेच. हिवाळ्यात एक डिस्क गेली होती, तेव्हा दुकानातून त्याच साइजची नवी आणून लावली, रीबिल्डला (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरायला) जवळपास दीड दिवस लागला पण झालं. बाकी हार्डवेअर जुनंच.

आता मोठे फॅन लावू, खोलीत एसी बसवू की रेड 5 सोडून दुसरं काही करू? एसीचा खर्च करायची तयारी आहे पण त्याने फरक पडणार असेल तरच. कोणाला असा अनुभव असेल तर सांगा न प्लीज.

प्रतिसाद :

भाऊ, 52 डिग्री कमी करायलाच पाहिजे, बहुतेक डिस्कची मर्यादा 60 असते आणि मे अजून बाकी आहे. पण एसएसडी गरम झाली की स्वतःहून हळू होते, फिरणारी डिस्क असं 110 वरून 8 वर येत नाही. तुमच्या पोस्टमध्ये माझं लक्ष त्या दीड दिवसावर गेलं. 4 टीबीची धड डिस्क सात-आठ तासांत, फार तर रात्रभरात रीबिल्ड होते. नवी डिस्क एसएमआर आहे का ते आधी पहा.

एसएमआरमध्ये जास्त डेटा बसावा म्हणून ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, आपल्याकडच्या कवेलूच्या छपरासारखे, मधलं एक बदलायचं तर वरचे उचलावे लागतात. म्हणून डिस्क नवा डेटा आधी एका राखीव भागात घेते आणि रिकामी बसली की हळूहळू जागेवर नेऊन ठेवते. तो भाग भरला की लिहिणं आणि आवरणं एकाच वेळी सुरू होतं आणि मग तुम्ही सांगता तसं होतं. रेड 5 मध्ये डेटाच्या प्रत्येक पट्ट्याचा (स्ट्राइपचा) तुकडा किंवा पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशेब) चारही डिस्कवर जाते, त्यामुळे एक रखडली की बाकी तिघी तिची वाट पाहत बसतात. चार डिस्कवर 60 जीबी टाकले की प्रत्येकीवर साधारण 20 जीबी जातात, म्हणजे तिचा राखीव भाग तेवढ्यात भरून राहिला असं दिसते.

आणि पहाटे फास्ट चालते ते गारव्याने नाही, रात्रभर डिस्कला आवरायला वेळ मिळतो म्हणून. एसी घ्यायच्या आधी एक करून पहा. सकाळी काहीच कॉपी करू नका, सर्व्हर चालू ठेवा, आणि भर दुपारी तीनला पहिली कॉपी लावा. तेव्हा 50 जीबी झकास गेले तर उन्हाचा विषय संपला. स्पीड बसला की आयोस्टॅट (डिस्क किती बिझी आहे ते दाखवणारी कमांड) लावून कोणती डिस्क 100 टक्क्यांवर आहे ते पहा. मॉडेल नंबरही कंपनीच्या यादीत शोधा, 2020 मध्ये डिस्क एसएमआर आहे हे न सांगता विकल्यावरून बराच गदारोळ झाला आणि त्यानंतर कंपन्यांनी अशा याद्या वेबसाइटवर टाकल्या आहेत.

धागाकर्ता :

खूप खूप धन्यवाद भाऊ. दुपारी तीनलाच लावली, डिस्क 51 वर होत्या, आणि पहिले 55 जीबी एकदम फुल स्पीडने. नंतर बसला तेव्हा आयोस्टॅटमध्ये एसडीडी नावाची डिस्क 100 टक्के, राइट अवेट (एकेका लिखाणाला लागणारा वेळ) 2000 मिलीसेकंदच्या वर, बाकीच्या तिन्ही 10 टक्क्यांच्या आत. एसडीडी म्हणजे तीच हिवाळ्यातली. मॉडेल यादीत एसएमआरच निघालं, खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही. एसीचे पैसे वाचले.

सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) डिस्क मागवतो. पण जुनी काढून नवी लावायची तर मधे अ‍ॅरे उघडा पडेल न? उरलेल्या तिघी जुन्या आहेत, या गर्मीत भीती वाटून राहिली.

प्रतिसाद :

काढू नका, फेल पण करू नका. बोर्डवर पाचवा साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) असेल तर नवी डिस्क आधी स्पेअर म्हणून जोडा आणि एमडीएडीएमचं रिप्लेस वापरा. जुनी अ‍ॅरेमध्येच राहते, तिच्यावरून वाचून नवी भरली जाते, आणि वाचायला एसएमआर ठीकच असते. पूर्ण झाल्यावरच जुनी बाहेर पडते, तोवर पॅरिटीचं संरक्षण कायम. तरी या सीझनचं फुटेज आधी बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा, यूपीएस लावा, आणि रात्री दहानंतर सुरू करा. निघालेली डिस्क फेकू नका, झालेल्या लग्नांची दुसरी कॉपी ठेवायला चांगली आहे.

धागाकर्ता :

पोर्ट आहे, पॉवरचा कनेक्टर नाही. मोलेक्सवरून (जुना चार पिनचा पॉवर कनेक्टर) साटाचं कन्व्हर्टर लावलं तर चालेल का?

प्रतिसाद :

चालेल, पण ज्याचा साटाकडचा प्लग एकसंध प्लास्टिक ओतून बनवलेला असतो तो घेऊ नका, त्यात आत तारा एकमेकींना लागून जळाल्याची उदाहरणं आहेत. वायर एकेक दाबून बसवलेली दिसते तो घ्या, सीताबर्डीत मिळून जाईल.